वाहन रिकॉल (भारत)

वाहन रिकॉल म्हणजे विक्री झालेल्या वाहनाच्या एखाद्या भागात, रचनेत किंवा संगणक-प्रणालीत प्रवाशांच्या सुरक्षिततेला अथवा पर्यावरणाला बाधक ठरेल असा दोष आढळल्यावर उत्पादकाने त्या तुकडीतील सर्व वाहने बोलावून तो दोष विनामूल्य दूर करण्याची प्रक्रिया होय. दोष एखाद्या गाडीत प्रत्यक्ष दिसून आलेला असो वा नसो, संबंधित काळात व संबंधित भागासह तयार झालेली प्रत्येक गाडी रिकॉलच्या कक्षेत येते. भारतात जुलै २०१२ पासून उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छा आचारसंहिता आणि १ एप्रिल २०२१ पासून मोटार वाहन अधिनियमातील सक्तीची तरतूद अशा दोन मार्गांनी रिकॉल होतात.

भारतीय कायदा रिकॉलची जबाबदारी उत्पादकावर टाकतो. मालकावर गाडी दुरुस्तीसाठी नेण्याचे कोणतेही बंधन घालत नाही. त्यामुळे रिकॉल जाहीर होणे आणि दोष प्रत्यक्षात दूर होणे यांत मोठे अंतर राहू शकते. ते अंतर किती राहील हे मालकापर्यंत सूचना पोहोचते का, पोहोचल्यास तो तिच्यावर विश्वास ठेवतो का आणि सेवा केंद्र त्याच्या आवाक्यात आहे का यांवर अवलंबून असते. शहरातील पहिल्या मालकाच्या बाबतीत हे प्रश्न सहज सुटतात. धाराशिवसारख्या ग्रामीण जिल्ह्यात, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती असलेल्या गाडीच्या बाबतीत ते तितके सहज सुटत नाहीत.

संज्ञा

मराठी वृत्तपत्रे रिकॉलच्या बातम्या बहुधा "कंपनीने गाड्या परत मागवल्या" अशा शब्दांत देतात. हा शब्दप्रयोग रूढ असला तरी काहीसा दिशाभूल करणारा आहे. बहुतांश रिकॉलमध्ये गाडी परत घेतली जात नाही. तपासणी, एखादा भाग बदलणे किंवा संगणक-प्रणाली अद्ययावत करणे एवढेच काम असते आणि ते अनेकदा काही तासांत पुरे होते. पैसे परत देणे वा बदली वाहन देणे हे पर्याय कायद्यात आहेत, पण व्यवहारात दुरुस्ती हाच नेहमीचा मार्ग असतो. "परत मागवल्या" हे वाचून गाडी कंपनीत जमा करावी लागेल, निदान बरेच दिवस अडकून पडेल, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे.

उत्पादकही हा शब्द टाळण्याकडे झुकतात. "सेवा मोहीम", "तपासणी मोहीम", "ग्राहक समाधान उपक्रम" अशी सौम्य नावे वापरली जातात. याचे ठळक उदाहरण टाटा नॅनोचे आहे. २००९ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीला आग लागण्याच्या काही घटना घडल्यानंतर टाटा मोटर्सने नोव्हेंबर २०१० मध्ये तोवर विकलेल्या सुमारे ७०,००० गाड्यांमध्ये एक्झॉस्ट व विद्युत यंत्रणेसाठी अतिरिक्त संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखवली. मात्र हा रिकॉल नाही, असेही स्पष्ट केले. कंपनीची प्रतिमा जपण्यासाठी घेतलेल्या अशा पवित्र्याची किंमत मालकाला मोजावी लागू शकते, कारण सौम्य नावाची मोहीम त्याला नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या जाहिरातीसारखी वाटते आणि तो ती बाजूला ठेवतो.

भारतातील वाटचाल

फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने इंधन गळतीच्या शक्यतेमुळे सुमारे १ लाख ए-स्टार गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. त्या वेळी देशात रिकॉलसंबंधी कोणताही नियम नव्हता. सोसायटी ऑफ इंडियन ऑटोमोबाईल मॅन्युफॅक्चरर्स अर्थात सियाम या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छा रिकॉल संहिता लागू केली आणि त्यानंतर अशा घोषणांचे प्रमाण वाढले.

जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स इंडियाने १.१४ लाख शेवरोले टवेरा गाड्या बोलावल्या. प्रवासी वाहतुकीत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या या गाडीच्या उत्सर्जन चाचणीत कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी फेरफार केल्याचे उघड झाले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोर्ड इंडियाने पॉवर स्टेअरिंगची नळी व मागील ॲक्सलच्या दोषासाठी १,६६,०२१ फिगो व फिएस्टा क्लासिक गाड्यांचा रिकॉल केला. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या तपासणीनंतर फोक्सवॅगन समूहाने ३,२३,७०० डिझेल गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी बोलावल्या.

जगातील सर्वांत मोठा रिकॉल ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा. एअरबॅग फुगवणाऱ्या भागातील अमोनियम नायट्रेट दीर्घकाळ उष्णता व दमटपणात राहिल्यास बिघडते आणि अपघातावेळी त्याचे धातूचे आवरण फुटून तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसतात. जगभर दहा कोटींहून अधिक भाग बदलण्याची वेळ आली आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतात होंडाने टप्प्याटप्प्याने रिकॉल केले. केवळ जानेवारी २०१७ मधील घोषणेत ४१,५८० गाड्या होत्या.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका विद्युत स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पसरली. त्या सुमारास इतरत्रही अशा घटना घडल्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी दोषी तुकड्या तातडीने बोलावण्याचा इशारा कंपन्यांना दिला आणि एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५ तर ओला इलेक्ट्रिकने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. बॅटरीच्या सुरक्षिततेचे सुधारित निकष त्याच वर्षाच्या १ डिसेंबरपासून दोन टप्प्यांत लागू झाले. चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या ऑगस्ट २०२३ मध्ये इंजिनकक्षातील वायरिंगच्या तपासणीसाठी बोलावण्यात आल्या.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने मूळ १९८८ च्या अधिनियमात कलम ११०अ समाविष्ट केले. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना हानी पोहोचवू शकेल असा दोष असल्यास आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी, चाचणी संस्थेने वा अन्य स्रोताने तो केंद्र सरकारच्या निदर्शनास आणल्यास सरकार उत्पादकाला रिकॉलचा आदेश देऊ शकते. असा आदेश झाल्यास उत्पादकाने खरेदीदाराला गाडीची पूर्ण किंमत परत द्यावी, किंवा तशीच अथवा अधिक चांगली गाडी द्यावी, किंवा दुरुस्ती करून द्यावी, अशी तरतूद आहे. गाडी कर्जाऊ घेतलेली असेल तर परतावा कर्जकराराच्या अधीन राहतो. दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग बसवलेल्या सर्व वाहनांना आदेश लागू करता येतो.

तपशील केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२७क मध्ये आहेत. मार्च २०२१ मध्ये अधिसूचित झालेला हा नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आला. तक्रारींची आवश्यक संख्या वाहनाचा प्रकार आणि त्या मॉडेलची वार्षिक विक्री यांनुसार ठरते. आदेशाने झालेल्या रिकॉलसाठी वाहनांच्या संख्येनुसार १० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून रिकॉल केल्यास हा दंड लागत नाही. कंपन्यांनी लपवण्याऐवजी बोलावे, हा या सवलतीमागील उद्देश.

या नियमातील एक मर्यादा सामान्य मालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. सक्तीचा रिकॉल सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांनाच लागू होतो. उत्पादकाला स्वेच्छेने त्याहून जुनी गाडी दुरुस्त करून देण्यास आडकाठी नाही, परंतु तसा आदेश त्याच्यावर बजावता येत नाही. ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांची पहिली मोटार ही कोणाची तरी जुनी मोटार असते, हे लक्षात घेतले तर या सात वर्षांचा भार कोणावर पडतो ते उघड होते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा स्वतंत्र आधारही उपलब्ध आहे. त्यातील कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू बाजारातून परत घेण्याचा आदेश देऊ शकते, तर सहाव्या प्रकरणानुसार सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाविरुद्ध भरपाईचा दावा करता येतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात मोटार कंपनीला दोषी धरणारा ग्राहक आयोगाचा निर्णय कायम ठेवला. मात्र हा मार्ग हानी झाल्यानंतरचा आहे, रिकॉल त्याआधीचा.

मालकांचा प्रतिसाद

दोषाबद्दल मालकाची प्रतिक्रिया त्याच्या गांभीर्यापेक्षा त्याच्या दृश्यतेवर अधिक ठरते. स्कूटर पेटल्याची चित्रफीत पाहिलेला मालक स्वतःहून सेवा केंद्रात चौकशी करतो. याउलट इंधन पंपाचा दोष गाडी बंद पडेपर्यंत जाणवत नाही आणि एअरबॅगचा दोष तर अपघाताच्या क्षणापर्यंत कळण्याचा मार्गच नसतो. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने इंधन पंपासाठी वॅगन-आर व बलेनोच्या १,३४,८८५ गाड्या बोलावल्या, जुलै २०२३ मध्ये स्टेअरिंगच्या टाय रॉडसाठी एस-प्रेसो व ईकोच्या ८७,५९९ गाड्या बोलावल्या. अशा रिकॉलमधील बहुसंख्य गाड्या वरकरणी सुरळीत चालत असतात. "गाडी तर चांगली चालतेय, मग कशाला हात लावू द्यायचा?" हा युक्तिवाद त्यामुळे तर्कशून्य म्हणता येत नाही, आजवर घडले नाही म्हणून पुढेही घडणार नाही, ही त्यातली खरी चूक आहे.

कंपनीच्या सूचनेची भाषाही प्रतिसाद घडवते. रॉयल एनफील्डने मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलच्या दोषासाठी क्लासिक, बुलेट व मिटिऑर या २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या, तेव्हा त्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल असा अंदाज सोबतच दिला. हा अंदाज प्रामाणिक असला, तरी आपली गाडी उरलेल्या नव्वद टक्क्यांत आहे असे मानण्याची मुभा तो प्रत्येकाला देतो. याच्या उलट टोकाला जानेवारी २०२३ मधील मारुती सुझुकीची सूचना आहे. एअरबॅग नियंत्रकाच्या संशयित दोषामुळे बोलावलेल्या १७,३६२ गाड्या भाग बदलेपर्यंत चालवू नयेत, असे कंपनीने थेट सांगितले. सप्टेंबर २०२१ मध्ये मोटर जनरेटर युनिटसाठी १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावताना साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये आणि विद्युत भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये, असा सल्ला दिला होता. काय करू नये हे असे ठोसपणे सांगितले की मालकाला धोक्याचे स्वरूप समजते. "संभाव्य दोषाची खबरदारीची तपासणी" या वाक्यातून काहीच समजत नाही.

उत्सर्जनाशी संबंधित रिकॉलबाबत अनास्था आणखी वाढते, कारण तेथे मालकाचा स्वतःचा जीव धोक्यात नसतो. फोक्सवॅगन प्रकरणात जगभरच्या मालकांना सॉफ्टवेअर बदलल्यावर गाडीची ताकद किंवा ॲव्हरेज कमी होईल, अशी शंका होती. धूर इतरांच्या वाट्याला आणि घटलेले ॲव्हरेज आपल्या, असा तो हिशेब.

रिकॉलचा अर्थ लावण्याच्या दोन परस्परविरोधी रीती दिसतात. काहींच्या मते रिकॉल करणारी कंपनी निकृष्ट माल बनवते. काहींच्या मते तीच कंपनी प्रामाणिक. वस्तुतः रिकॉलची संख्या या दोन्हींपैकी कशाचाही भरवशाचा पुरावा नाही. मोठ्या प्रमाणावर विक्री करणाऱ्या आणि एकच भाग अनेक मॉडेलमध्ये वापरणाऱ्या कंपनीचे आकडे मोठेच असणार, आणि एकही रिकॉल न करणारी कंपनी निर्दोष असेल किंवा नुसती गप्प असेल. अमेरिकेत जनरल मोटर्सने इग्निशन स्विचचा दोष सुमारे दहा वर्षे दडवून ठेवला. २०१४ मध्ये रिकॉल झाल्यानंतर १२४ मृत्यू त्या दोषाशी जोडले गेले. त्या काळात कंपनीच्या त्या गाड्यांची "रिकॉल नाही" अशीच नोंद होती.

याशिवाय अधिकृत सेवा केंद्राविषयीचा दुरावा हे एक महत्त्वाचे कारण आहे. वॉरंटी संपली की बहुतेक मालक ओळखीच्या मिस्त्रीकडे वळतात. तेथे मजुरी कमी लागते, काम डोळ्यांसमोर होते आणि उधारीही चालते. अधिकृत केंद्रात विनामूल्य रिकॉलसाठी गेल्यावर "ब्रेक पॅडही गेलेत, क्लचही बघावा लागेल" असे सांगून बिल वाढवले जाईल, ही भीती सर्वत्र ऐकू येते. वर्षानुवर्षे बाहेर काम करून घेतल्यामुळे आपला रिकॉलचा हक्क गेला, असाही समज आढळतो. तो चुकीचा आहे. रिकॉल चेसिस क्रमांकाशी जोडलेला असतो. सर्व्हिसिंग कोठे केले, वॉरंटी उरली आहे की नाही, मालक कितवा आहे, याचा त्याच्याशी संबंध नसतो. मिस्त्रीला मात्र रिकॉलची माहिती मिळण्याची कोणतीही व्यवस्था नाही. गाडीची नस ओळखणारा आणि मालकाचा विश्वास असणारा हा माणूस संपूर्ण प्रक्रियेच्या बाहेर राहतो.

अलीकडे आणखी एका कारणाची भर पडली आहे. बनावट चलनाचे आणि खोट्या दुव्यांचे संदेश पाठवून होणाऱ्या आर्थिक फसवणुकीमुळे अनोळखी क्रमांकावरून आलेला वाहनविषयक लघुसंदेश न उघडणे हे शहाणपणाचेच ठरले आहे. रिकॉलचा खरा संदेश त्याच शहाणपणाला बळी पडतो.

जुन्या गाड्यांचा व्यवहार

उत्पादकाकडे प्रामुख्याने पहिल्या खरेदीदाराचा पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक असतो. गाडी दुसऱ्याला विकली गेली आणि नव्या मालकाने अधिकृत केंद्राची पायरी चढली नाही, तर कंपनीच्या दृष्टीने ती गाडी जुन्या मालकाकडेच राहते. रिकॉलचा संदेश मग अशा व्यक्तीच्या भ्रमणध्वनीवर जातो, जिने ती गाडी कधीच विकून टाकलेली असते.

हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरून प्रादेशिक परिवहन कार्यालयात नाव बदलून घ्यावे लागते. बोलीभाषेत त्यांना "टीटी फॉर्म" म्हणतात. सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी ताब्यात घ्यायची आणि नाव पुढच्या गिऱ्हाइकाच्याच नावावर चढवायचे, ही दलालांची जुनी पद्धत आहे. तिच्यामुळे मधला मालक कोठेच नोंदला जात नाही. आणि नाव रीतसर बदलले तरी या नमुन्यांत प्रलंबित रिकॉलसंबंधी विचारणा नाही. विम्याची मुदत, पीयूसी, कर्जाचा बोजा यांची चौकशी करणारा खरेदीदारही रिकॉलविषयी क्वचितच विचारतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. या काळात पीयूसी वगळता कोणतीही नियतकालिक तांत्रिक तपासणी सक्तीची नाही आणि पीयूसी केंद्रावर धूर मोजला जातो, एअरबॅग पाहिली जात नाही. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, परंतु रिकॉलची दुरुस्ती झालेली असणे ही त्याची अट नाही.

धाराशिव जिल्हा

धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, आठ तालुक्यांचा आहे: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ असून तीतील सुमारे १७ टक्केच शहरी आहे. वाहनांची नोंदणी एमएच २५ या संकेतांकाखाली होते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले तरी संकेतांक तोच राहिला. जुन्या आरसी बुकांवर मात्र पत्त्यात उस्मानाबादच छापलेले आहे.

पुणे–सोलापूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६५ नळदुर्ग व उमरग्यावरून जातो, तर सोलापूरहून बीड व छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग क्र. ५२ तुळजापूर, धाराशिव व येरमाळ्यावरून जातो. या दोन रस्त्यांमुळे जिल्ह्यातील वाहनव्यवहार बाहेरच्या शहरांशी जोडला गेला आहे. जिल्हा मुख्यालयापासून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर आहे. परंडा व भूम तालुक्यांचा ओढा बार्शीकडे, कळंबचा लातूर व अंबाजोगाईकडे आणि उमरगा, लोहाऱ्याचा लातूर-सोलापूरकडे असतो. एखाद्या कंपनीचे अधिकृत केंद्र जवळच्या गावात नसेल तर रिकॉलचे तासाभराचे काम पूर्ण दिवसाचे होते. दुरुस्ती विनामूल्य असली तरी जाण्या-येण्याचे इंधन आणि बुडालेला दिवस विनामूल्य नसतो. भाड्याने गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठोर होतो. नवरात्रात किंवा पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांची वाहतूक करणाऱ्या गाडीमालकाचे वर्षाचे उत्पन्न ज्या थोड्या दिवसांवर अवलंबून असते, त्या दिवसांत तो गाडी वर्कशॉपला लावणे शक्य नसते. त्याच दिवसांत गाडीत सर्वाधिक माणसे बसलेली असतात, ही या प्रश्नाची दुसरी बाजू.

जिल्ह्याच्या रस्त्यांवर एमएच १२, एमएच १४, एमएच १३ आणि सीमेपलीकडील कर्नाटकाच्या पासिंगच्या गाड्याही सर्रास दिसतात. त्यांतल्या काही वाटसरू असतात, काही कामानिमित्त पुण्यात राहणाऱ्या गावकऱ्यांच्या, तर काही तेथून विकत आणलेल्या. दोष गाडीबरोबर प्रवास करतो. ताकाता एअरबॅगच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे: मुंबईच्या वा कोकणच्या दमट हवेत अनेक वर्षे काढलेली गाडी बालाघाटच्या कोरड्या पठारावर आणली, म्हणून तिच्या एअरबॅगमध्ये आधीच शिरलेल्या ओलाव्याचा परिणाम पुसला जात नाही. आणि तिच्याविषयीचा संदेश जातो तो मुंबईतल्या जुन्या मालकाला.

ग्रामीण मालक गाडीची काळजी घेत नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र चुकीचे ठरेल. नवी गाडी घेतल्यावर ती पहिल्यांदा तुळजापूरला नेण्याचा प्रघात जिल्ह्यात आणि आसपास रूढ आहे. खंडेनवमीला अवजारांसोबत वाहनांचीही पूजा होते. तेल कधी बदलले, टायर किती चालले, याची नोंद अनेक चालकांना तोंडपाठ असते. उणीव आस्थेची नसून माहितीची आहे. बहुतेक कंपन्यांची रिकॉलसंबंधी पृष्ठे व निवेदने इंग्रजीत असतात. गावपातळीवर ही माहिती मराठीतून पोहोचवण्याचे काम ग्रामपंचायत, परिवहन कार्यालय वा विमा प्रतिनिधी यांपैकी कोणाकडेही सोपवलेले नाही.

इतर देश

अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून रिकॉलची सक्ती आहे आणि मालकांना डाकेने सूचना पाठवावी लागते. तरीही तेथे बोलावलेल्या गाड्यांपैकी साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक गाड्या दुरुस्तीविना राहतात आणि गाडी जितकी जुनी तितके हे प्रमाण वाढते. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांवर प्रलंबित रिकॉल आधी पूर्ण करण्याचे संघीय बंधन नाही. भाड्याने मोटारी देणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर मात्र २०१६ पासून आहे.

जर्मनीत गंभीर रिकॉलची दुरुस्ती करून न घेतलेल्या गाडीचा वापर प्रशासन थांबवू शकते; फोक्सवॅगन प्रकरणात काही मालकांवर अशी कारवाई झाली. जपानमध्ये मोटारीची नियतकालिक तपासणी सक्तीची असून मे २०१८ पासून धोकादायक ताकाता एअरबॅग न बदललेल्या गाड्यांना त्या तपासणीत उत्तीर्ण केले जात नाही. तेथे मालकाचे मन वळवण्याचा प्रश्नच मग उरला नाही. भारतात खासगी गाड्यांसाठी अशी नियतकालिक तपासणी नसल्याने हा उपाय जसाच्या तसा आणता येणार नाही. हस्तांतरणाच्या वेळी चेसिस क्रमांकावरून प्रलंबित रिकॉल दाखवणे हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय ठरू शकतो.

वाहनाची तपासणी व तक्रार

वाहन रिकॉलमध्ये आहे का, हे चेसिस क्रमांकावरून कळते. हा १७ अक्षर-अंकांचा क्रमांक आरसी बुकावर छापलेला आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. त्याच्या आरंभीची तीन चिन्हे उत्पादक दर्शवतात. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीच्या गाड्यांचा क्रमांक बहुधा एमए३ ने सुरू होतो. शून्य आणि एक यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे त्यात वापरली जात नाहीत. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून रिकॉल तपासता येतो, तसेच कोणत्याही अधिकृत सेवा केंद्रात विचारणा करता येते. सियामच्या संकेतस्थळावर स्वेच्छा रिकॉलची यादी उपलब्ध असते. लघुसंदेशातील दुव्यावर न जाता स्वतः संकेतस्थळ उघडून किंवा केंद्राला दूरध्वनी करून खात्री करून घेणे सुरक्षित असते.

जुनी गाडी घेताना नोंदणीची नक्कल पाहतानाच चेसिस क्रमांक टिपून घेऊन ही विचारणा करता येते. त्यासाठी गाडी आधी नावावर असण्याची गरज नसते. खरेदीनंतर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे नवा पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवल्यास पुढील सूचना योग्य मालकाकडे येतात. काम झाल्यावर केंद्राकडून त्याची नोंद असलेले जॉब कार्ड घ्यावे, कारण पुढच्या खरेदीदाराला दाखवण्याजोगा तोच पुरावा असतो.

रिकॉल जाहीर झालेला नसताना दोष जाणवल्यास केंद्र सरकारच्या वाहन संकेतस्थळावरील रिकॉल विभागात नोंदणी व चेसिस क्रमांकासह तक्रार नोंदवता येते. नियम १२७क नुसार तक्रारींची संख्या ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली तरच त्या आधारे सक्तीच्या रिकॉलची कार्यवाही सुरू होते. मिस्त्रीकडे जाऊन परस्पर दुरुस्त करून घेतलेला दोष या मोजणीत धरला जात नाही.